मागच्या गोठ्यातली सतरंजी

"ढकलतेस काय अशी? जोर नको लावूस, तोंड शोध आधी." आई, हे तू मला म्हणालीस तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि हॉलमध्ये मराठी मंडळाच्या तीस-चाळीस बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी उभ्या होत्या. आज सकाळी तेच वाक्य मी एका ट्रॅक्टरवाल्याला ऐकवलं, हिंदीत आणि चांगलं ओरडून. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. ट्रॅक्टर हा विषय तुला कधी जवळचा नव्हता, आणि गुरांचं तर नावही तुला घरात नको असायचं. तरी आज जे झालं ते पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतंय, कारण त्यातला निम्मा वाटा तुझा आहे. निम्म्याहून जास्तच आहे, पण तेवढं मी पहिल्याच परिच्छेदात कबूल करणार नाही.

मी हल्ली काय करते हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि तू शेजारणींना ते अभिमानानं सांगायचीस. गेली सहा वर्षं मी मुल्लानपूरच्या पुढे एका गोशाळेची व्यवस्थापक आहे. कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढे वाच. कऱ्हाडकडच्या तुझ्या माहेरी दहा-बारा जनावरं होती आणि लग्न होऊन बाबांच्या बदलीबरोबर चंदीगडला आलीस तेव्हा तू सुटकेचा श्वास टाकला होतास. "शेणातनं एकदाची बाहेर पडले, परत त्यात पाऊल टाकायची नाही," असं म्हणायचीस. आणि तुझ्या पोटी मी आले. शाळा सुटली की सेक्टरच्या कडेला असलेल्या गवळ्याच्या म्हशी बघायला पळायची आणि चपला भरवून घरी यायची. दार उघडायच्या आधीच आतून तुझा आवाज यायचा, "पुढच्या दारानं येऊ नकोस. मागं जा. आधी पाय धू." थंडीत सुद्धा, मागच्या नळाच्या त्या बर्फासारख्या पाण्यानं. मी अजून डोळे मिटले की पायाला ते पाणी लागतं.

आमच्या गोशाळेत दोन गोठे आहेत. पुढचा मोठा, धडधाकट जनावरांचा. मागचा लहान, त्यात म्हातारी, लंगडी आणि आंधळी मिळून सव्वीस जनावरं आहेत. मागच्या गोठ्याकडे जायला विटांची एक गल्ली आहे आणि गल्लीच्या तोंडाला जुनं फाटक. त्या फाटकाच्या खांबाला अगदी लागून आता नव्या वसाहतीची भिंत उभी राहिलीय, त्यामुळे फाटक रुंद करायचा प्रश्नच उरला नाही. इथले शेतकरी भाताचा पेंढा पूर्वी शेतातच पेटवून द्यायचे. आता त्यातले काही जण यंत्रानं त्याचे गोल गठ्ठे बांधून आम्हाला देतात. इथं त्यांना सगळे 'रोल' म्हणतात. माझ्या छातीपर्यंत येतो एकेक, आणि वजन विचारू नकोस. पुढच्या गोठ्यात तो गडगडत नेऊन सोडायला माणसं पुरेशी आहेत. मागच्या गोठ्यात मात्र तो एकच माणूस न्यायचा, आमचे चाचा. साठीचे आहेत, चाऱ्याचं काम गेली वीस वर्षं त्यांच्याकडे. खांदा लावून रोल ढकलत न्यायचे, कोयत्यानं कापून हातानं सुटा करायचे आणि प्रत्येक जनावरापुढे घालायचे. प्रत्येकापुढे, हे महत्त्वाचं. आख्खा रोल मध्ये ठेवून दिला तर ज्याच्या अंगात जोर तो खातो आणि लंगडं मागे उभं राहतं.

दिवाळीनंतर एका सकाळी त्या गल्लीच्या चढावर रोल उलटा आला आणि चाचांचा खांदा गेला. मी त्यांना सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "अंकल, अब धक्का-वक्का बंद." चाचांनी तिला विचारलं, "फिर पिछले वालों को कौन खिलाएगा, बेटा?" तिला कळेना, मागचे म्हणजे कोण. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, "कोई मशीन होगी ना?"

मशीन होतं. एक नाही, भरपूर. त्यातलं कुठलं घ्यायचं यावर आमच्या समितीत महिनाभर खल झाला. आमचे प्रधानजी निवृत्त अधिकारी आहेत, मनानं चांगले, पण त्यांना कुठलीही गोष्ट मोठीच लागते. एक दाते यंत्र द्यायला तयार झाले होते आणि त्यांची एकच अट होती, यंत्रावर त्यांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत हवं. प्रधानजी मला इंडस्ट्रियल एरियातल्या एका चकचकीत शोरूममध्ये घेऊन गेले. तिथं लाल रंगाचं एक धूड उभं होतं. त्यात आख्खा रोल टाकायचा, आतली पाती तो फाडतात आणि बाजूच्या नळातून पेंढा उडत बाहेर पडतो. विक्रेत्यानं चालू करून दाखवलं. पाच मिनिटांत आमच्या तिघांच्या भुवया पेंढ्याच्या धुळीनं पांढऱ्या झाल्या. मला मागच्या गोठ्यातल्या खोकणाऱ्या गाई आठवल्या. प्रधानजी मात्र यंत्राच्या लांबरुंद कुशीवरून हात फिरवत म्हणाले, "देखिए मैडम जी, नाम के लिए कितनी जगह है!"

मी पर्समधून टेप काढली. तुझ्या शिवणाच्या मशीनच्या खणातली, पिवळी, टोकाला अर्धा इंच फाटलेली. मागच्या फाटकाचं माप मी आदल्या दिवशीच घेतलं होतं, साडेसहा फूट. हे धूड आठ फुटांच्याही वर भरलं. शिवाय ते ओढायला आमचा जुना ट्रॅक्टर पुरणार नव्हता. मी हे सांगितलं तेव्हा प्रधानजींनी आधीच ठरवून ठेवल्यासारखं उत्तर दिलं. मागचा गोठा बंद करायचा. ती सव्वीस जनावरं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गोशाळेत पाठवायची, त्यांच्याशी बोलणं झालंय. आई, त्यातल्या निम्म्यांना ट्रकमध्ये उभंही राहता येत नाही. मी म्हटलं, "वो रास्ते में ही मर जाएँगे, जी." ते खाली बघून म्हणाले, "तो आप बताइए, क्या करें? खांदा तर आता चाचांचाही नाही." शेवटचं वाक्य अर्थात ते हिंदीत बोलले, मला ते मराठीत ऐकू आलं. वाईट बातमी मला अजून मराठीतच ऐकू येते.

मग मी एका रविवारी एकटीच इंडस्ट्रियल एरियाच्या दुसऱ्या फेजमध्ये गेले. शोरूमच्या रांगांच्या मागे वेल्डिंगच्या ठिणग्यांची जी गल्ली आहे, तिथं एक म्हातारे सरदारजी मिस्त्री ट्रॅक्टरला मागे जोडायची अवजारं बनवतात. मी त्यांना फाटकाचं माप सांगितलं, ट्रॅक्टर किती जुना ते सांगितलं, आणि आमच्याकडे रोल कसे येतात ते हातवारे करून दाखवलं. त्यांनी मला चहा दिला आणि जमिनीवर खडूनं चित्र काढलं. ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी हात. हातांच्या टोकाला आतल्या बाजूनं फिरते शंकू. रोलच्या पोटात ते दोन्ही बाजूंनी रुतवायचे, रोल उचलून न्यायचा, हवा तिथं जमिनीला टेकवायचा आणि ट्रॅक्टर पुढे घ्यायचा. रोल आपला गडगडत मागे येतो आणि सुटत जातो. ना पाती, ना धूळ, ना वेगळं इंजिन. ते हात आवळायला लागणारी सोय आमच्या जुन्या ट्रॅक्टरला नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग हातानं फिरवायचा स्क्रू लावू, एका हातानं फिरेल असा. मागे वजन आल्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातील, म्हणून पुढे वजनं टांगू. मी विचारलं, एवढंसं यंत्र पुरेल ना? तर म्हणाले, "भैणजी, मशीन वड्डी नईं, मेच दी चाहीदी." मोठं नको, मापाचं हवं. मला ते इतकं आवडलं की दुसरा चहा मी मागून घेतला.

यंत्र तयार झाल्यावर प्रधानजींना मी त्याचा फोटो दाखवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "इस पर प्लेट कहाँ लगेगी?" पण माणूस खरंच चांगला आहे. एक संधी देऊ म्हणाले. येत्या रविवारी सगळ्या समितीसमोर चाचणी. जमलं तर जमलं. नाही तर सोमवारी सकाळी ट्रक येणार, तो त्यांनी सांगूनही ठेवला होता.

तो रविवार म्हणजे आज.

सकाळी धुकं होतं. पुढच्या अंगणात समितीची सात माणसं मफलर गुंडाळून खुर्च्यांवर बसली होती. दात्यांनी आपल्या मुनीमजींना पाठवलं होतं. चाचा गळ्यात हात बांधून मागच्या फाटकापाशी उभे, आणि त्यांच्या चांगल्या खांद्यावर हनुवटी टेकून आमचा आंधळा बैल. तो गल्लीतून चाचांच्या वासानं चालत येतो. मिस्त्रींनी स्वतः ट्रॅक्टर चालवायला घेतला. रोलवरची प्लास्टिकची जाळी मी कापून काढली, तिचा एक धागाही मागे राहता कामा नये, पोटात गेला तर जनावर जातं. चाचांनी पुढे येऊन डाव्या हातानं स्क्रू फिरवला, लोखंडी हात रोलच्या पोटात रुतले, रोल उचलला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोल खाली टेकला, ट्रॅक्टर पुढे निघाला, आणि सुटायच्या ऐवजी रोल आपल्याच अंगाखाली गोळा व्हायला लागला. पेंढ्याच्या गुठळ्या निघाल्या. मिस्त्रींनी ट्रॅक्टर रेटला. आख्खा रोल वेडावाकडा झाला, त्याखाली पेंढ्याचा ढीग साचला आणि ट्रॅक्टर गुरगुरत जागच्या जागी थांबला. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांच्या अंगणात त्यांनी एकदा करून पाहिलं होतं, तेव्हा छान सुटला होता. "कल ताँ ठीक सी," काल तर नीट चाललं होतं, एवढंच ते म्हणत राहिले.

मुनीमजी उठून धोतर झटकायला लागले. प्रधानजी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मैडम जी, कोशिश तो आपने की." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. चाचांनी फाटकापाशी जाऊन बैलाचं शिंग धरून त्याला मागे वळवलं आणि गल्लीत निघून गेले. मिस्त्रींनी दात आवळून पुन्हा ट्रॅक्टरला जोर दिला.

आणि आई, मी त्या हॉलमध्ये उभी आहे. माझ्या अंगात परकर-पोलकं, हातात तुझ्या सात सतरंज्यांपैकी सगळ्यात मोठी, निळ्या-लाल पट्ट्यांची, माझ्या कमरेएवढी जाड गुंडाळी. मंडळाच्या सतरंज्या तुझ्या ताब्यात असायच्या आणि त्या कशा गुंडाळायच्या, कशा पसरायच्या याचे तुझे नियम असायचे. सतरंजी दारापर्यंत पोचायलाच हवी, कारण सगळ्यात उशिरा येणाऱ्या बायका दाराशी बसतात, त्यांना फरशीवर बसावं लागता कामा नये, हा पहिला. मला सगळ्यांसमोर शूरपणा करायचा आहे. मी गुंडाळी ढकलते. ती सुटत नाही. मी आणखी जोर लावते. सतरंजी पोटाखाली गोळा होते, त्यावरून मी पालथी पडते आणि काकू-मावश्या पदर तोंडाला लावून हसतात. तू येतेस. मला उठवत नाहीस. गुंडाळीच्या बाजूला बसून, चकलीचं टोक शोधावं तसं बोटानं वेढ्यावरून फिरत जातेस. "जोर नको लावूस, तोंड शोध आधी. हे बघ. तोंड पुढे आहे, ढकललीस की पोटाखाली जाणार. तोंड खाली हवं, आणि आपल्याकडे. मग नुसतं बोट लावलंस तरी पळेल." मग मला ती सगळी पुन्हा गुंडाळायला लावतेस, सगळ्यांदेखत, आणि पुन्हा पसरायला. ती पळते. थेट दारापर्यंत. मी तुझ्याकडे बघते, आणि तू म्हणतेस, "त्यात काय! सतरंजीच तर पसरलीस."

मी ओरडले, "रुको! जोर मत लगाओ! पहले मुँह ढूँढो!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रधानजींनी विचारलं, "किसका मुँह, जी?" मी चिखलात गुडघे टेकून रोलच्या बाजूला बसले. बाजूनं बघितलं तर हुबेहूब चकली, वेढ्यावर वेढा. बोटानं फिरत गेले. बाहेरच्या वेढ्याचं टोक ट्रॅक्टरच्या बाजूला खाली आलं होतं. म्हणजे ट्रॅक्टर पुढे गेला की ते टोक रोलच्या पोटाखालीच जाणार. रोल उलट्या बाजूनं धरला होता, एवढंच. यंत्र बिचारं शहाणं होतं. मी मिस्त्रींना टोक दाखवलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पगडीवर हात मारला. "ओ तेरी! पुट्ठा फड़ेया सी!" उलटा धरला होता. त्यांच्या अंगणात तो नशिबानं सुलटा धरला गेला होता.

तो रोल खराब झाला होता. दुसरा घेतला, त्याचीही जाळी कापून काढली. या वेळी आधी मी त्याचं तोंड शोधलं आणि पेंढ्याच्या काडीनं खूण करून दाखवली. मिस्त्रींनी ट्रॅक्टर वळसा घालून पलीकडून आणला. चाचांना मी गल्लीतून बोलावून घेतलं, त्यांनी येऊन डाव्या हातानं स्क्रू आवळला. आणि मग माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "अब यहाँ नहीं. सीधा पीछे." प्रधानजी म्हणाले, "पहले यहाँ तो देख लें." मी म्हटलं, "जिनके लिए लाए हैं, वो पीछे हैं." ट्रॅक्टर फाटकातून गेला तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक वीत जागा उरली होती. गोठ्याच्या गव्हाणीच्या कडेनं ती गल्ली सरळ जाते आणि पलीकडे शेतात निघते. गल्लीच्या सुरुवातीला रोल खाली टेकवला. मिस्त्रींनी ट्रॅक्टर हळू सोडला.

आई, तो पळाला. नुसता पळाला. मागे पेंढ्याचा जाड, सारखा पट्टा पडत गेला, सोनेरी, रुंद, एकही गुठळी नाही. पेंढ्याच्या आतल्या वेढ्यांमधून शरद ऋतूतल्या शेताचा वास बाहेर आला. गजांमधून एकेक मान बाहेर आली. पहिली लंगडी तांबडी, मग तिच्या शेजारची, मग सगळ्याच. कुणी कुणाला ढकललं नाही, कारण ढकलायची गरजच उरली नव्हती, प्रत्येकीच्या तोंडासमोर तिचा तिचा पेंढा होता. आंधळा बैल वास घेत उभा राहिला, मग त्यानं मान खाली घातली आणि तो खायला लागला. रोल लहान होत होत गेला आणि त्याचं शेवटचं वेटोळं बरोबर गोठ्याच्या शेवटच्या गजापाशी संपलं. तिथं ती सगळ्यात म्हातारी पांढरी गाय बसलेली असते, तिला उठता येत नाही. तिच्या तोंडापर्यंत पोचलं. दारापर्यंत.

चाचा पट्ट्याच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले, परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लै भई, ए ताँ दरी विछ गई!" दरी म्हणजे सतरंजी, आई. सतरंजी पसरली, म्हणाले. त्या हॉलमध्ये ते नव्हते. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. मी उगाच, जाळीचा धागा कुठे राहिलाय का ते बघायला वाकले.

समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मिस्त्रींनी खिशातून गूळ काढून वाटला, पहिला खडा चाचांना. प्रधानजींनी माझ्यासमोरच फोन लावून सोमवारचा ट्रक रद्द केला. मग मुनीमजींनी खाकरून प्लेटची आठवण करून दिली. मिस्त्री म्हणाले, मशीनवर जागा नाही, ट्रॅक्टरवर लावा. प्रधानजींनी फाटकाकडे बघितलं, त्याच साडेसहा फुटी फाटकाकडे, आणि म्हणाले, "यहाँ लगेगी. सबसे बड़ी." मुनीमजींना पटलं. मला तर फारच पटलं. आता ते फाटक कुणी पाडणार नाही आणि मागचा गोठा कुणी बंद करणार नाही, दात्यांच्या वडिलांचं नाव आहे त्यावर.

आता ते, जे मी सुरुवातीला टाळलं. गूळ खाता खाता प्रधानजींनी कौतुकानं विचारलं, "मैडम जी, ये मुँह वाली बात आपने कहाँ से सीखी?" आणि मी म्हटलं, "फ़ोन पर एक वीडियो देखा था, जी." का म्हटलं? समोर एवढी माणसं, लोखंड, ट्रॅक्टर. हळदीकुंकवाची सतरंजी म्हणायला जीभ रेटली नाही. तुझं नाव घ्यायची एवढी मोठी संधी आली आणि मी ती एका व्हिडिओला देऊन टाकली. उद्या जाऊन खरं सांगणार आहे, सगळ्यांना. चाचांना आज निघताना सांगितलं. ते म्हणाले, "मैनूँ पता सी, वीडियो विच इन्नी अकल नईं हुंदी." व्हिडिओत एवढी अक्कल नसते, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

दुपारी घरी आले. केसांत पेंढा, गुडघ्यांना चिखल, चपलांचं सांगायलाच नको. दार लेकीनं उघडलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. मला वरपासून खालपर्यंत बघून नाक दाबून म्हणाली, "यार मम्मा! पीछे से आओ, पहले पैर धो लो." तिनं तुला कधी पाहिलं नाही. कुठून येतं हे, तूच सांग.

मी मागे गेले नाही. पुढच्या दारात, पायरीवरच बसून हे लिहितेय. इथून समोर दिवाणावर तुझी सतरंजी दिसते, निळ्या-लाल पट्ट्यांची, मंडळानं नव्या घेतल्या तेव्हा तू ही मागून आणलीस, कड नवी शिवलीस आणि माझ्या लग्नात सगळ्या भेटींच्या खाली ठेवलीस, कुणाला दिसू नये म्हणून. हे पत्र लिहून झालं की तिच्याच घडीत ठेवीन, दुसरा पत्ता नाही माझ्याकडे. त्याआधी एकच मागते. आजच्यापुरतं, एकदाच, मला अशीच, याच पायांनी, पुढच्या दारानं आत येऊन तिच्यावर बसू दे.